पाळी गेल्यानंतरचा योनीमार्गाचा कोरडेपणा: जागेवर लावायची औषधे आणि वनस्पतिजन्य उपाय

पाळी जाताना अंगातून वाफा येणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे असे त्रास होतात, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ते काही वर्षांत हळूहळू ओसरतात. योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र आपोआप ओसरत नाही. उपचार केला नाही तर तो वर्षागणिक वाढत जाण्याचीच शक्यता अधिक असते. तरीही हाच त्रास सर्वांत कमी बोलला जातो. बाईने तो सांगावा कसा, डॉक्टरांनी विचारावा कसा आणि औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाकडे मागावे तरी काय, अशा अडचणींत वर्षे निघून जातात. ज्यांना या विषयाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे आणि उपचारांचा क्रम ज्या ओघाने ठरवावा त्याच ओघाने तो मांडला आहे.

हाच त्रास आहे ना, हे आधी पाहावे

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास असते. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाले की योनीमार्गाचे अस्तर पातळ होते, त्यातील ग्लायकोजेन, म्हणजे पेशींतील साखरेचा साठा, घटते आणि त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणूही कमी होतात. हे जिवाणू आम्ल तयार करून योनीमार्गाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.५ ते ४.५ इतका राखत असतात. ते घटल्यावर तो पाचाच्या वर जातो. मूत्रमार्गाचे तोंड आणि मूत्राशयाचा खालचा भाग हेही इस्ट्रोजेनवरच पोसलेले असल्यामुळे कोरडेपणाबरोबर लघवीला आग होणे, घाईने जावे लागणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे हे त्रासही येतात. म्हणूनच २०१४ पासून या सगळ्याला मिळून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ म्हटले जाते. केसपेपरवर नुसते ‘जीएसएम’ किंवा जुन्या पद्धतीने ‘अ‍ॅट्रॉफिक व्हजायनायटिस’ असे लिहिलेले दिसले, तर ते याच त्रासाबद्दल आहे असे समजावे.

लक्षणे प्रत्येकीची वेगळी असतात. कोणाला संबंधाच्या वेळी दुखते आणि नंतर थोडे रक्त दिसते, तर कोणाला संबंध नसतानाही बसताना, चालताना, साडीच्या काठाला किंवा आतल्या कपड्याच्या शिवणीला घासून चरचरते. हा फक्त शरीरसंबंधांचा प्रश्न आहे, अशी समजूत असल्यामुळे विधवा, अविवाहित आणि वयस्कर स्त्रियांना कोणी विचारतच नाही. ही समजूत चुकीची आहे.

गर्भाशयाची पिशवी काढलेल्या स्त्रियांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील तर वय काहीही असले तरी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. अंडाशये ठेवली असतील तर ती पुढे कधी थांबली हे पाळीवरून कळत नाही, कारण पाळीच उरलेली नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्यांपैकी अनेक जणींचे वय चाळिशीच्याही आत होते. अशा तरुण वयातल्या बाईने कोरडेपणाची तक्रार केली तर ‘तुझे अजून वय कुठे झाले’ हे उत्तर पुरेसे नाही. ऑपरेशनचा कागद पाहून अंडाशये आहेत की नाहीत, हे आधी तपासले पाहिजे.

प्रत्येक जळजळ कोरडेपणाचीच असते असेही नाही. दह्यासारखा पांढरा स्राव आणि तीव्र खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, विशेषतः मधुमेह असल्यास. बाहेरची त्वचा पांढुरकी, पातळ कागदासारखी होऊन रात्री खाजत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असू शकतो आणि त्याचा उपचार अगदी वेगळा आहे. पाळी पूर्ण थांबल्यानंतर कधीही, अगदी डागापुरते जरी रक्त गेले, तरी ते कोरडेपणाचेच असेल असे गृहीत धरून घरी थांबू नये.

पहिली पायरी: जे चालू आहे त्यातले काय थांबवावे

योनीमार्ग आतून धुण्याची गरज नसते. साबण, सुगंधी वॉश, पाण्यात जंतुनाशक टाकून धुणे, तुरटीचे पाणी आणि ‘घट्टपणा’ देणारी जेले यांनी पातळ अस्तर आणखी कोरडे होते. तुरटी आकुंचन करणारी आहे म्हणून घट्ट वाटते. कोरड्या जागेवर ती लावणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, सुगंधी पॅड व पँटीलायनर टाळावेत आणि आतले कपडे सुती वापरावेत.

औषधाच्या दुकानात ‘खाज येते’ एवढेच सांगितल्यावर हातात पडणारी ट्यूब पुष्कळदा स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असते. तिने दोन दिवसांत आराम पडतो, पण त्यातला क्लोबेटासोलसारखा तीव्र स्टिरॉइड विनादेखरेख महिनोन्महिने लावला तर आधीच पातळ झालेली त्वचा अधिक पातळ होते. लायकेन स्क्लेरोससमध्ये हाच स्टिरॉइड उपयोगी औषध असतो, मात्र तो निदानानंतर आणि ठरलेल्या मुदतीसाठी. घरात अशी अर्धी ट्यूब पडलेली असेल तर ती डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी, लावण्यासाठी नव्हे. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा वाढू शकतो, त्यामुळे चालू असलेल्या सर्व औषधांची यादी तयार ठेवावी.

दुसरी पायरी: हार्मोन नसलेली जेले

इथे दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानात त्या एकाच फळीवर असल्यामुळे त्यांची गल्लत होते. एक म्हणजे वंगण, अर्थात ल्युब्रिकंट. ते संबंधाच्या वेळी लावायचे असते आणि त्याचे काम तेवढ्यापुरतेच असते. दुसरे म्हणजे ओलावा धरून ठेवणारे व्हजायनल मॉइश्चरायझर. टाचांना भेगा पडल्यावर आपण रोज रात्री काहीतरी लावतो, लांब चालायचे आहे म्हणून नव्हे. तसेच हे संबंध असोत वा नसोत, आठवड्यातून दोन-तीनदा नियमित वापरायचे असते. हायल्युरॉनिक ॲसिड किंवा पॉलिकार्बोफिल हे घटक असलेली जेले या प्रकारात मोडतात. ज्यांचा त्रास सौम्य आहे त्यांचे पुष्कळदा एवढ्यावरच भागते आणि ज्यांना हार्मोन वापरायचे नाही त्यांच्यासाठी हाच पहिला आधार असतो.

वंगण निवडताना पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनवर आधारित घ्यावे. पाण्याचे लवकर सुकते, सिलिकॉनचे अधिक वेळ टिकते. पाण्याच्या वंगणांत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त असेल तर ते पेशींमधील पाणी ओढून घेते आणि लावल्यावर चुरचुरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा वंगणांची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या द्रव्यांची तीव्रता, शक्यतो ३८०च्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत १२००च्या आत असावी, तर पीएच ४.५च्या आसपास असावा, असे सुचवले आहे. आपल्याकडच्या वेष्टनावर हे आकडे क्वचितच छापलेले असतात. अशा वेळी घटकांच्या यादीत ग्लिसरीन पाण्यानंतर लगेच येत असेल आणि लावल्यावर आग होत असेल तर ते बदलावे, एवढा नियम व्यवहारात पुरतो. वेदना होऊ नयेत म्हणून बधिर करणारे लिग्नोकेनचे जेल स्वतःच्या मनाने लावू नये. त्याने दुखणे कळत नाही, पण इजा व्हायची ती होतेच.

खोबरेल तेलाबद्दल हमखास विचारणा होते. बाहेरच्या त्वचेसाठी ते साधे, स्वस्त आणि बहुतेकींना सोसणारे आहे आणि वंगण म्हणूनही अनेक जोडपी ते वापरतात. मात्र कोणतेही तेल लॅटेक्सच्या निरोधाला कमकुवत करते. पन्नाशीनंतर पाळी थांबून एक वर्ष, किंवा पन्नाशीच्या आत थांबली असल्यास दोन वर्षे होईपर्यंत गर्भनिरोधनाची गरज असते, ही गोष्ट तेलाच्या बाटलीबरोबरच लक्षात ठेवावी.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे जाणे

पाच-सहा आठवडे जेल नियमित वापरूनही त्रास उरला, किंवा सुरुवातीपासूनच त्रास अधिक असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. केवळ ‘खाली त्रास होतो’ असे मोघम सांगितल्यास संसर्गाच्या गोळ्या मिळण्याचीच शक्यता जास्त असते. त्याऐवजी पाळी कधी थांबली, कोरडेपणा कधीपासून आहे, संबंधाच्या वेळी नेमके तोंडाशी दुखते की आत, लघवीचा संसर्ग वर्षात किती वेळा झाला, पाळी थांबल्यावर रक्त कधी गेले का आणि स्वतःला किंवा आईला-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. बोलायला अवघड जात असेल तर ती चिठ्ठीच डॉक्टरांच्या हातात द्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

तपासणीत अस्तर फिकट, गुळगुळीत आणि हात लागताच रक्त येईल इतके नाजूक दिसले की निदान बहुधा तेवढ्यावरच होते. रक्तातल्या हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची या निदानासाठी सहसा गरज नसते. तपासणीच्या वेळी स्पेक्युलम, म्हणजे आत पाहण्याचे साधन, लहान आकाराचे वापरण्याची विनंती अवश्य करावी. गर्भाशयमुखाची चाचणी राहून गेली असेल तर तीही त्याच भेटीत करून घेता येते.

चौथी पायरी: इस्ट्रोजेनचे मलम किंवा गोळी

या त्रासावरचा सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे योनीमार्गात लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. आपल्याकडे अधिक वापरात असलेले म्हणजे एस्ट्रिऑलचे मलम; इव्हालोन या नावाने मिळणाऱ्या १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दर ग्रॅमला १ मिलिग्रॅम एस्ट्रिऑल असते. दुसरे म्हणजे प्रेमारिनसारखे संयुग्मित इस्ट्रोजेनचे मलम. हे गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनवलेले असते; ज्यांना प्राणिजन्य औषध नको असेल त्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. तिसरे म्हणजे १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिओलची योनीमार्गात ठेवायची बारीक गोळी. परदेशात तीन महिने आत ठेवायची लवचीक रिंगही मिळते.

एस्ट्रिऑलच्या मलमाची प्रचलित पद्धत अशी आहे: पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम मलम, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये असे तीस डोस होतात. म्हणजे सुरुवातीची ट्यूब साधारण साडेसात ते दहा आठवडे आणि पुढची सुमारे पंधरा आठवडे पुरायला हवी. ट्यूब महिनाभरात संपली तर मात्रा जास्त पडते आहे आणि वर्षभर पुरली तर उपचार होतच नाही, असा सरळ हिशेब आहे. आठवड्याचे दोन वार, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार, ठरवून टाकले की विसर पडत नाही.

मलमाबरोबर येणारी नळी, म्हणजे ॲप्लिकेटर, ट्यूबच्या तोंडाला लावून दट्ट्यावरच्या खुणेपर्यंतच मलम भरावे. रात्री झोपताना, लघवी करून हात धुऊन, पाठीवर झोपून गुडघे वर घ्यावेत आणि नळी कमरेच्या दिशेने हळूच आत सरकवून दट्ट्या दाबावा. जागा फारच कोरडी असेल तर नळीच्या टोकाला पाणी किंवा थोडे वंगण लावावे. नळी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन ठेवावी; उकळत्या पाण्यात टाकू नये. नळी टोचत असेल तर तेवढेच मलम स्वच्छ बोटावर घेऊन लावले तरी चालते. चरचर नेमकी तोंडाशी आणि लघवीच्या जागेपाशी असताना सगळे मलम खोल आत सोडले जाते आणि मग ‘औषधाने गुण येत नाही’ अशी तक्रार होते, हे पुष्कळदा घडते. म्हणून ठरलेल्या मात्रेतलाच थोडा भाग बोटाने बाहेरच्या तोंडाशी लावावा की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पहिले काही दिवस लावल्यावर थोडी आग होऊ शकते. अस्तर जाड होऊ लागले की ती थांबते.

हे मलम वंगण नाही आणि संबंधाच्या आधी ते लावू नये, कारण ते जोडीदाराच्या त्वचेतूनही शोषले जाऊ शकते. त्यातली काही मलमे तेलावर आधारित असतात, त्यामुळे निरोधाचा प्रश्न इथेही लागू होतो.

गुण दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे. दहा दिवसांत काही झाले नाही म्हणून ट्यूब कपाटात टाकणे हे उपचार फसण्याचे सर्वांत साधे कारण आहे. लघवीच्या संसर्गाबाबत तर या मलमाचा पुरावा फार बोलका आहे: १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९३ स्त्रियांवरील चाचणीत एस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्या गटात दर रुग्णामागे वर्षाला ०.५ वेळा संसर्ग झाला, तर औषधविरहित मलम लावणाऱ्या गटात ५.९ वेळा. ज्या आजींना दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो, त्यांच्या घरच्यांनी हा आकडा डॉक्टरांपुढे मांडायला हरकत नाही.

*हार्मोन म्हटल्यावर वाटणारी भीती*

डब्यातली माहितीपत्रिका वाचून अनेक जणी ट्यूब न उघडताच ठेवून देतात. त्या पत्रिकेत कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या असे सगळे लिहिलेले असते. हे इशारे मुख्यतः २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातून आले आणि त्या अभ्यासात स्त्रिया रोज तोंडाने हार्मोनच्या गोळ्या घेत होत्या. जागेवर लावायच्या अल्प मात्रेचा हिशेब वेगळा आहे. १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले १४ दिवस रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरली तर वर्षभराचे मिळून सुमारे १.१४ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल होते. तोंडाने घ्यायच्या एका दिवसाच्या साध्या गोळीत १ मिलिग्रॅम असते. सुरुवातीला अस्तर पातळ असल्यामुळे थोडे अधिक शोषले जाते, पुढे ते कमी होते आणि रक्तातील पातळी रजोनिवृत्तीनंतरच्या मर्यादेतच राहते. त्याच अभ्यासातील, केवळ निरीक्षणाखाली असलेल्या स्त्रियांच्या माहितीचे २०१८ मध्ये विश्लेषण झाले, त्यातही योनीमार्गातून इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रजोनिवृत्तीच्या इस्ट्रोजेन औषधांवरचे चौकटीतले इशारे काढण्याचे पाऊल जाहीर केले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ पासून अशी १० मायक्रोग्रॅमची गोळी पन्नाशी उलटलेल्या आणि वर्षभर पाळी नसलेल्या स्त्रियांना औषधविक्रेत्याशी बोलून, चिठ्ठीशिवाय मिळू लागली. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना हा मार्ग उपलब्ध आहे.

अल्प मात्रेबरोबर गर्भाशयाच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन सहसा द्यावे लागत नाही. तरीही निदान न झालेला रक्तस्राव, गर्भाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग, अलीकडे झालेली रक्ताची गुठळी किंवा गंभीर यकृतविकार असेल तर आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय हे औषध सुरू करू नये.

*स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास*

या स्त्रियांना कोरडेपणा बहुधा अधिक तीव्र असतो, कारण उपचारच इस्ट्रोजेन कमी करणारे असतात. त्यांनी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर आणि वंगणापासून सुरुवात करावी आणि ते पुरले नाही तरच कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने इस्ट्रोजेनचा विचार करावा. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या चालू असताना विशेष सावधगिरी हवी: २०२२ मधील डेन्मार्कच्या एका मोठ्या पाहणीत या गोळ्यांसोबत योनीमार्गातून इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, मृत्यूचे मात्र नाही. स्तनाच्या कर्करोगावरचेच टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही.

वनस्पतिजन्य उपाय: काय घ्यावे, काय विचारावे

‘हार्मोन नको, काही आयुर्वेदिक द्या’ ही मागणी समजण्यासारखी आहे, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले असते, की वनस्पतीतून आलेले ते सौम्य आणि प्रयोगशाळेतले ते उग्र. प्रत्यक्षात ही रेघ इतकी सरळ नाही. १९४०च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानटी कंदापासून डायोस्जेनिन हे द्रव्य काढून त्याचे प्रोजेस्टेरॉन केले आणि तेव्हापासून अनेक हार्मोन औषधांचा कच्चा माल वनस्पतीच राहिला आहे. मात्र ते रूपांतर कारखान्यात होते, शरीरात होत नाही. त्यामुळे ‘वाइल्ड याम’चे, म्हणजे अशाच रानटी कंदाचे, मलम म्हणून ऑनलाइन विकले जाणारे उत्पादन लावल्याने अंगात हार्मोन तयार होते, हा दावा खोटा आहे. उलट बाजूने पाहिले तर एखाद्या वनस्पतीत खरोखरच इस्ट्रोजेनसारखे काम करणारे द्रव्य असेल, तर हार्मोनबद्दल विचारायचे सगळे प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने इस्ट्रोजेनचे मलम नाकारून त्याऐवजी मात्रा न लिहिलेली वनस्पतीची कॅप्सूल घेणे, यात सुरक्षितता वाढत नाही. आपण किती घेतो आहोत एवढेच कळेनासे होते.

पुराव्याच्या बाजूने पाहता चित्र संमिश्र आहे. २०१६ मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सोयाबीन वगैरेंतील फायटोइस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिजन्य द्रव्ये, घेतल्याने वाफा आणि योनीमार्गाचा कोरडेपणा किंचित कमी झाल्याचे दिसले, मात्र त्या अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता. आहारात सोयाबीन, जवस, तीळ घेण्यास काहीच हरकत नाही. फक्त त्याने संबंधाच्या वेळचे दुखणे जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. फिनलंडमध्ये २०१४ साली रोज ३ ग्रॅम सी-बकथॉर्नचे तेल तीन महिने तोंडाने देऊन पाहिले गेले. अस्तराच्या स्थितीत काहीशी सुधारणा दिसली, ओलाव्यात फारशी नाही. हे फळ आपल्याकडे लडाखमध्ये होते आणि त्याचे तेल भारतात मिळते, म्हणून त्याचा उल्लेख केला. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या गोळ्या वाफांसाठी खपतात. कोरडेपणावर त्यांचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा त्या टाळलेल्या बऱ्या.

जागेवर लावायच्या वनस्पतिजन्य जेलांवरचे अभ्यास अधिक आशादायक आहेत, पण ते लहान आहेत. ब्राझीलमध्ये सोयाच्या आयसोफ्लेव्होनचे ४ टक्क्यांचे जेल, थायलंडमध्ये प्युरेरिया मिरिफिका या कंदाचे जेल, इराणमध्ये बडीशेपेचे ५ टक्क्यांचे मलम आणि ज्येष्ठमधाचे मलम, यांनी काही आठवड्यांत त्रास कमी झाल्याचे नोंदवले गेले. थायलंडच्या अभ्यासात लक्षणे कमी झाली, पण अस्तराच्या पेशी सुधारण्यात इस्ट्रोजेनचे मलमच सरस ठरले. एक गोष्ट इथे निसटता कामा नये: ही सगळी ठरावीक मात्रेची, औषध म्हणून बनवलेली जेले आणि मलमे होती. स्वयंपाकघरातली बडीशेप वाटून, मेथीचा लेप करून किंवा बागेतल्या कोरफडीचा गर काढून आत लावणे म्हणजे तो उपचार नव्हे. पातळ झालेल्या अस्तरावर जंतू आणि कण जाण्याचा धोका त्यात खरा असतो.

आयुर्वेदात या तक्रारीसाठी योनिपिचूची पद्धत आहे, म्हणजे सिद्ध तेलात किंवा तुपात भिजवलेला निर्जंतुक कापसाचा बोळा ठरावीक वेळ आत ठेवणे; पोटात शतावरीही दिली जाते. स्नेहनामुळे कोरड्या जागेला आराम वाटणे साहजिक आहे, इस्ट्रोजेनशी तुलना करणारा भक्कम पुरावा मात्र नाही. हा उपचार घ्यायचा असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे किंवा आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात घ्यावा, बोळा किती वेळाने काढायचा हे विचारून तो त्याच वेळी काढावा आणि त्याला बाहेर राहणारा दोरा बांधलेला आहे हे पाहून घ्यावे. विसरून राहिलेला बोळा दुर्गंधीचा स्राव आणि संसर्ग घेऊन येतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ पोटात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे सांभाळावे. बाटलीवर घटकांची पूर्ण यादी, उत्पादन परवाना क्रमांक आणि मुदत नसेल, किंवा ‘गुप्त फॉर्म्युला’ असे लिहिले असेल, तर ती विकत घेऊ नये, मग विकणारा ओळखीचा का असेना.

आणि दोन्ही वैद्यांना दोन्ही औषधे सांगावीत. मलम ॲलोपॅथीचे आणि तेल आयुर्वेदाचे एकाच रात्री लावले तर एकाचाही गुण कळत नाही, आणि पुरळ उठलीच तर ती कशाने उठली हेही कळत नाही. एका वेळी एक उपाय घ्यावा आणि त्याला बारा आठवडे द्यावेत.

लेझरबद्दल थोडेसे

‘व्हजायनल रिजुव्हेनेशन’ या नावाने मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत लेझरची जाहिरात होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच याबाबत इशारा दिला होता आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीत कार्बन डायऑक्साइड लेझर हे नुसत्या लटक्या लेझरपेक्षा सरस ठरले नाही. त्या पैशांत कित्येक वर्षांची मलमे येतात.

पुढची देखरेख

तीन महिन्यांनी एकदा आणि मग वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे. उपचार बंद केला की काही आठवड्यांत कोरडेपणा परत येतो, त्यामुळे आठवड्यातून दोनदाचे मलम वर्षानुवर्षे चालू ठेवणे यात वावगे काही नाही. किती काळ, हे दरवर्षीच्या भेटीत ठरवावे. रक्त दिसले, स्तनात गाठ जाणवली किंवा पायाला एकाच बाजूने दुखरी सूज आली तर त्या भेटीची वाट पाहू नये. रक्तस्राव झाल्यास सोनोग्राफीने गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहिली जाते आणि ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर तुकडा तपासायला घेतात.

अस्तर सुधारूनही संबंधाच्या वेळी दुखतच असेल तर वर्षानुवर्षांच्या दुखण्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जात असण्याची शक्यता असते. तिथे आणखी मलम लावून उपयोग होत नाही. त्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि हळूहळू वाढत्या आकाराचे डायलेटर (आत ठेवून जागा सैल करण्याच्या गुळगुळीत कांड्या) यांचा उपयोग होतो. जोडीदाराला हे समजावून सांगावे लागते आणि ते काम पुष्कळदा औषधापेक्षा अवघड असते, म्हणून डॉक्टरांच्या भेटीला त्यांनाही बरोबर नेलेले चांगले.

परदेशातून कोणी मलम आणून दिले तर मिलीलिटर किंवा नळीची खूण पाहून मात्रा ठरवू नये, कारण देशोदेशीच्या मलमांची तीव्रता वेगवेगळी असते. अमेरिकेत तर एस्ट्रिऑलला मान्यताच नाही, तिथे इस्ट्राडिओलचे मलम मिळते. ट्यूबवरचे औषधाचे नाव आणि दर ग्रॅमचे प्रमाण डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावे. अंग बाहेर येते म्हणून रिंग, म्हणजे पेसरी, बसवलेल्या वयस्कर स्त्रियांना हेच मलम बहुधा रिंगेने होणारी जखम टाळण्यासाठी दिले जाते. संधिवाताने बोटे वळत नसतील तर नळी भरणे त्यांना जमत नाही. अशा वेळी गोळीचा प्रकार मिळतो का ते पाहावे, किंवा मुलीने अथवा सुनेने आठवड्याच्या दोन डोसांच्या नळ्या त्या-त्या रात्री भरून हातात द्याव्यात.